मामाचं नाव काढलं

नोकरीच्या पहिल्या दिवशी आई म्हणाली, "मामाचं नाव काढ हो." तेवढ्यात डब्याचं झाकण बसेना, म्हणून ती डब्याला आणि मला मिळून आणखीही बरंच बोलली, पण लक्षात राहिलं ते हेच. मी हो म्हणालो. आईला हो म्हणायला विचार करावा लागत नाही, आणि घोळ तिथेच होतो.

नोकरी मामानेच लावली होती. लावली म्हणजे, जागा निघाली, कुणीच अर्ज केला नाही, आणि मामाने मला सांगितलं. पगार नावाला होता आणि कामही नावांचंच होतं. शहरातलं हॉस्पिटल, शाळा, वाचनालय, पाणीपुरवठा, सगळ्यांच्या वेबसाइटला नाव असतं. माणसं नाव लक्षात ठेवतात, मशीनला मात्र नंबरच कळतो. त्यामुळे मध्ये कुणीतरी बसून सतत सांगावं लागतं की बाबा, हॉस्पिटल ना, ते अमुक नंबरला राहतं. हे सांगणारा सर्व्हर आमच्या ताब्यात होता. त्याचं अधिकृत नाव इतकं कंटाळवाणं होतं की सगळे त्याला आत्या म्हणायचे. प्रत्येक घरात एक बाई अशी असतेच, जिला सगळ्यांचे पत्ते पाठ असतात. कोण कुठे राहतं, कोण घर बदलून गेलं आणि कोण आता उरलंच नाही, सगळं तिला विचारायचं. तशी ही आत्या, आणि तिला सांभाळायचा माझा मामा. नात्यात हे कुठेच बसत नाही, पण रॅकमध्ये व्यवस्थित बसायचं.

नियमाने अशा दोन आत्या हव्यात, एक पडली तर दुसरी हाताशी असावी म्हणून. दुसरी मंजुरीत होती. मी शाळेत असल्यापासून ती मंजुरीत होती.

ऑफिसात मामाला टिंब म्हणायचे. त्यालाही कारण होतं. आत्याला पत्ते शिकवायचे तर ते एका फायलीत लिहावे लागतात, आणि पूर्ण नावाच्या शेवटी एक टिंब द्यावं लागतं. टिंब म्हणजे, नाव इथे संपलं. ते दिलं नाही तर आत्याला वाटतं नाव अर्धवट राहिलंय, आणि ती बिचारी त्याच्यापुढे आपल्या मनाने पुन्हा घराण्याचं, म्हणजे शहराचं, नाव जोडते. मामाच्या तरुणपणी एकदा हॉस्पिटलपुढचं टिंब राहिलं. दिवसभर लोकांचे ईमेल शहराच्या शहरातल्या हॉस्पिटलला जात होते, जे अस्तित्वात नव्हतं. पायी आलेल्यांना मात्र हॉस्पिटल जागच्या जागी सापडलं.

त्या दिवसापासून मामाने टिंब द्यायचं म्हणून कधी सोडलं नाही. सहीनंतर टिंब. दारावरच्या पाटीवर आडनावापुढे टिंब. रंगाऱ्याने ते चुकून उडालेला थेंब समजून पुसलं, तर मामाने स्वतः स्टुलावर चढून परत दिलं. मेसेजमध्ये तर प्रश्नानंतरसुद्धा टिंब. "जेवलास का." "भाजी आणू का." मामी म्हणायची, "हा माणूस 'येतो' एवढं लिहितो आणि त्यापुढे टिंब देतो. वाचलं की वाटतं, कायमचाच गेला."

मी आणि मामाने ठरवलं होतं की ऑफिसात मी त्याला अहो-जाहो करायचं, म्हणजे कुणी वशिला म्हणायला नको. सगळ्यांना माहीत होतं, तरी आम्ही करायचो.

तर आत्या पडायला लागली.

पडायला लागली म्हणजे रॅकमधून खाली नाही. प्रोग्राम स्वतःहून बंद व्हायचा. आत्याचा प्रोग्राम ज्यांनी लिहिला त्यांनी आत जागोजागी लिहून ठेवलंय की इथे अमुक गोष्ट होऊच शकत नाही, आणि तरी झालीच तर प्रोग्रामने जीव द्यावा. चुकीचा पत्ता सांगण्यापेक्षा मेलेलं बरं, असा त्यांचा बाणा. माझी खरी आत्याही तत्त्वाची आहे, पण ती फार तर जेवत नाही. मामाने सोय करून ठेवली होती की आत्या पडली तर मिनिटभरात आपोआप उठून बसेल. पण तेवढ्या वेळात हॉस्पिटल, शाळा आणि पाणी शहरातून नाहीसं व्हायचं, आणि नंतर वर्तमानपत्रात यायचं.

अशातच प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं एक सूचनापत्रक आलं. त्यांना म्हणे एक भोक सापडलं होतं. कुणीही, कुठूनही, एक वाकडा प्रश्न पाठवला की सर्व्हर बंद. चोरी नाही, घुसखोरी नाही, नुसतं विचारायचं. सोबत दुरुस्तीही होती, बसवायला चहा गार होण्याइतका वेळ.

मामा ती बसवायलाच निघाला होता. थंड खोलीत जायचा त्याचा राखाडी स्वेटर त्याने डोक्यातून घातलाही होता. एक हात बाहीत, एक बाहेर, तेवढ्यात मॅडमचा फोन आला.

मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. त्यांच्या खोलीत आम्ही दोघं उभे राहिलो, मामाची एक बाही लोंबत.

"वरून ठरलंय," मॅडम म्हणाल्या. "नावांचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं. पण अन्याय नको, म्हणून आधी महिनाअखेरपर्यंत निरीक्षण. एक निरीक्षक येऊन बसतील, ते आल्यापासून मोजायचं. तेवढ्यात तुमची ही पडली नाही, तर राहील. एकदाही पडली, तर बंद, आणि तुमचा विभागही बंद."

"आणि मी?" मामाने विचारलं.

"तुम्ही भांडारात. खुर्च्यांची जबाबदारी."

मामाने मान डोलावली. "पडणार नाही. मी आत्ता दुरुस्ती बसवतोच आहे."

"ते नाही चालणार. आजपासून सर्व्हरला हात लावायचा नाही. रोग्याची तब्येत बघायची आहे. आधीच औषध देऊन ठेवलंत तर बघणार काय?"

मामाने दुसरी बाही घातली आणि आम्ही बाहेर आलो.

आता प्रश्न एवढाच होता की वाकडं विचारतंय कोण. मामाला परदेशी टोळीचा संशय होता. मला बाहेरच्या कंपनीचा. शेजारच्या विभागातल्यांचं मत सरळ होतं. ते म्हणायचे, "टिंबाचा पायगुण. हा आत आला की ती पडते." मामाने पाऊल टाकलं की कुणीतरी हळूच "गेली" म्हणायचं, आणि खरंच गेलेली असायची. मामा हसायचा. पण मग तो दारातच खिशातून फोन काढून पाणीपुरवठ्याची साइट उघडायचा. पाण्याशी त्याला काही कर्तव्य नव्हतं. त्याने फोन थेट आत्यालाच विचारेल असा करून ठेवला होता. साइट उघडली म्हणजे बाई जिवंत.

मग एक दिवस मामा दाढ काढायला गेला, म्हणून रजेवर होता. त्या दिवशी आत्या एकदाही पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बरोबर आलो. मामाचा एक गाल सुजलेला. दाराशी काही दिवसांपूर्वीच हजेरीचं नवीन मशीन बसवलं होतं, अंगठा द्यायचं. मी दिला. मशीन बायकी आवाजात "धन्यवाद" म्हणालं. मामाने दिला. दार उघडलं, पण मशीन गप्प. नुसतं वर्तुळ फिरत राहिलं. मामाला अर्धवट गोष्ट चालत नाही. तो धन्यवादासाठी थांबला, आणि मिळेना म्हणून त्याने पुन्हा अंगठा दिला.

आतून कुणीतरी म्हणालं, "गेली."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणालं, "परत गेली."

हे मशीन आल्यापासूनच आत्या पडायला लागली होती. पायाचा काही संबंध नव्हता. अंगठ्याचा होता.

हजेरीवाल्या कंपनीचा माणूस तळमजल्यावर जिन्याखाली बसायचा. मी त्याला गाठलं.

"अंगठा दिल्यावर हे मशीन करतं काय?"

"माणूस ओळखतं."

"मग?"

"मग त्या माणसाचं खातं कुठे आहे ते विचारतं. माणसाचं नाव, मग टिंब, मग ऑफिसचं नाव. असं जोडून विचारायचं."

"कुणाला?"

"ते मला काय माहीत. असेल कुणीतरी सांगणारं."

"मामांचं... म्हणजे त्या सरांचं नाव दाखवता?"

त्याने दाखवलं. नाव मामाने स्वतः भरलं होतं, आणि शेवटी न चुकता टिंब दिलं होतं. मशीनने त्यापुढे आपलं टिंब जोडलं होतं. दोन टिंबं शेजारीशेजारी, आणि मध्ये काहीच नाही. म्हणजे मामा रोज दारात उभा राहून आत्याला विचारत होता, काहीच-नाही कुठे राहतो? तिला सगळ्या शहराचे पत्ते पाठ. काहीच-नाहीचा पत्ता कुठून असणार? हे होऊच शकत नाही, असं म्हणून ती जीव द्यायची.

"हे शेवटचं टिंब काढा," मी म्हणालो.

"काढतो की. त्यांना पाठवा. नाव बदलायचं तर माणसाने स्वतः येऊन अंगठा द्यावा लागतो."

"अंगठा न देता?"

"अंगठा न देता बदलता येत नाही. माणूस नोकरी सोडून गेला तर आख्खं नाव काढता येतं. त्याला अंगठा लागत नाही. गेलेल्या माणसाचा अंगठा कुठून आणणार?" यावर तो हसला. मीही हसलो असतो, पण अंगठा आणि मामा दोन्ही ओळखीचे होते.

मी मामाला जिन्यातच सांगितलं. सगळं ऐकून तो सुजलेल्या गालावर हात ठेवून पायरीवर बसला.

"म्हणजे टोळी नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मीच."

"तू नाहीस मामा, तुझं टिंब." ऑफिसात असूनही माझ्या तोंडून तू गेलं. त्याने दुरुस्त केलं नाही.

"एकदा टिंब दिलं नाही म्हणून हॉस्पिटल घालवलं," तो म्हणाला. "आता दिलं म्हणून सगळंच. मधला मार्ग काय असतो रे? अर्धं टिंब?"

आम्ही मॅडमना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मशीन दुसऱ्या कंपनीचं होतं, त्यामुळे विषय संयुक्त समितीकडे जाणार होता, आणि समिती निरीक्षण संपल्यावर बसणार होती.

"तोपर्यंत काय करायचं?" मी विचारलं.

"तोपर्यंत पडू देऊ नका," मॅडम म्हणाल्या.

मग मामाने उपाय काढला. अंगठा द्यायचाच नाही. मी अंगठा द्यायचा, दार उघडलं की माझ्या पाठीला चिकटून मामाने आत शिरायचं. जाताना तसंच. मी म्हणालो, "अहो, पण तुमची गैरहजेरी लागेल. महिनाअखेरपर्यंत."

"लागू दे. तिला पडू द्यायचं नाही, एवढंच बघ."

निरीक्षक आला. उंच, वाकलेला, कायम आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा दिसणारा माणूस. स्वतःची घडीची खुर्ची घेऊन यायचा आणि आत्याच्या खोलीत एसीखालच्या निळ्या बादलीशेजारी बसायचा. आत्याच्या पुढ्यातला हिरवा दिवा बघणं हेच त्याचं काम. पहिल्याच दिवशी तो थंडीने काकडला, म्हणून मामाने त्याला आपला स्वेटर दिला. नंतर दोघांची गट्टीच जमली. एसीतलं पाणी बादलीत टपटपायचं, निरीक्षक दिवा बघायचा, मामा निरीक्षकाला बघायचा, आणि मी दोघांना चहा आणून द्यायचो.

"कधी पडायची ही?" निरीक्षक विचारायचा.

"पूर्वी पडायची," मामा म्हणायचा, सासरहून परत आलेल्या मुलीबद्दल बोलावं तसं.

आत्या पडली नाही. एकदाही नाही. रोज सकाळी मी अंगठा द्यायचो, मशीन "धन्यवाद" म्हणायचं आणि आम्ही एका अंगठ्यात दोघं आत. मामा अंग चोरून माझ्या मागे यायचा; लहानपणी गर्दीत मी त्याचा शर्ट धरून चालायचो, तसा आता तो माझा धरायचा. घरी मामी मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझा मामा हल्ली झोपेत हसतो. सगळं ठीक आहे ना?" मी म्हणालो, ठीकच आहे. ते दिवस खरंच ठीक होते. लोकांना पाणी मिळत होतं, शाळा सापडत होत्या, आणि आम्ही चोरासारखे कामावर येत होतो.

शेवटच्या दिवशी दुपारी मॅडमनी बोलावलं. निरीक्षकही होता, अजून स्वेटरमध्येच.

"अभिनंदन," मॅडम म्हणाल्या. "सर्व्हर एकदाही पडला नाही. राहील. बाहेरच्या कंपनीला नाही म्हणून कळवतोय."

मामाने डोळे मिटले.

"आता दुसरा भाग. या सगळ्या काळात विभागाचे प्रमुख, म्हणजे तुम्ही, एकदाही हजर नव्हता. सर्व्हर मात्र उत्तम चालला. त्यावरून वरच्यांनी निष्कर्ष काढला की सर्व्हरला तुमची गरज नाही."

"पण ते रोज होते," मी म्हणालो. निरीक्षकाकडे वळलो. "तुम्ही बघितलंय त्यांना. तुमच्या अंगात त्यांचाच स्वेटर आहे."

निरीक्षकाने स्वेटरकडे पाहिलं. "बघितलंय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण मला दिवा बघायला नेमलंय हो. माणसं बघायला नाही. माझं बघणं हजेरीत धरत नाहीत."

"मग भांडार?" मामाने विचारलं.

"ते पडली असती तर," मॅडम म्हणाल्या. "न पडल्यास काय, ते ठरलेलं नव्हतं. गैरहजेरीचा नियम मात्र ठरलेला आहे. आजच मोकळं करावं लागेल. जाताना अंगठा द्या, म्हणजे सुटका झाल्याचा कागद निघेल."

मी मामाकडे पाहिलं. मला वाटलं आता तो ओरडेल, निदान टेबलावर हात तरी आपटेल. तो फक्त म्हणाला, "अंगठा नाही देणार."

"मग कागद निघणार नाही. तुम्ही सुटलात असं कुठेच दिसणार नाही."

"नको निघू दे. ती राहतेय ना?" आणि मग, जणू भाजी आणायला सांगावं तसं, "एक काम करा. माझं नाव मशीनमधून आजच काढून टाका. ठेवू नका. उद्या कुणी चुकून उघडलं, काही विचारलं, तर परत नको ते व्हायला. भाचा काढेल."

ऑफिसात त्याने मला भाचा म्हटल्याची ती पहिलीच वेळ. मॅडमनी मशीनचा पासवर्ड कागदाच्या कपट्यावर लिहून माझ्या हातात दिला.

मामाने टेबल आवरलं. आवरायला फार नव्हतं. एक पेन, एक चष्म्याची डबी. स्वेटर निरीक्षकाच्या अंगात होता, तो मागावा असं त्याला वाटलं नाही. थंड खोलीच्या दाराशी तो थोडा वेळ उभा राहिला. मग मी मशीनला अंगठा दिला, ते "धन्यवाद" म्हणालं, आणि मामा माझ्या पाठीला चिकटून बाहेर पडला. माझा शर्ट त्याने जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

थोड्याच वेळात मेसेज आला. "बसस्टॉपवर आहे. नाव काढलंस का."

पुढे टिंब होतं.

मी जिन्याखाली गेलो. हजेरीवाल्याने खुर्ची दिली. पासवर्ड टाकला, मामाचं नाव निवडलं. त्याच्या शेवटचं ते टिंब पडद्यावर धुळीच्या कणासारखं दिसत होतं. मला बरंच वाटत होतं. हे नाव गेलं की प्रश्नच उरणार नाही, आत्या सुखाने शंभर वर्षं जगेल आणि मामा घरी बसून पाणीपुरवठ्याची साइट उघडत राहील. मी "काढा" वर बोट ठेवलं.

पडद्यावर आलं, "काढण्यापूर्वी खात्री करत आहे."

"कसली खात्री?" मी विचारलं.

"हे नाव आणखी कुठे वापरात नाही ना याची," हजेरीवाला म्हणाला. "एकदा विचारून घेतं."

"कुणाला?"

"ते मला काय माहीत," तो मागच्या वेळसारखंच म्हणाला. "असेल कुणीतरी सांगणारं."

मी जिना चढून गेलो. धावलो नाही. धावून काही झालं असतं तर धावलो असतो. थंड खोलीत पंखे नेहमीसारखे घोंघावत होते, बादलीत टपटप चालू होती. निरीक्षक आपली खुर्ची घडी करत अर्धवट थांबला होता. हिरवा दिवा नव्हता.

"मुदत संध्याकाळपर्यंत आहे, पण मी निघालोच होतो," तो म्हणाला. "अजून दोन मिनिटं थांबलो, का कोण जाणे. तुमच्या सरांचा स्वेटर कुणाकडे द्यावा या विचारात होतो."

"बघितलं नाही म्हणा," मी म्हणालो.

त्याने खूप वेळ विचार केला. मला वाटतं, खरंच केला. "दिवा बघायलाच तर नेमलंय हो मला," तो म्हणाला, आणि खिशातलं पेन काढलं.

आत्या मिनिटभरात उठून बसली, मामाने शिकवलं होतं तशी. हॉस्पिटल कुठे, शाळा कुठे, सगळं पहिल्यासारखं सांगायला लागली. तिला काही झाल्याचं माहीतच नव्हतं. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या, निरीक्षकाचा कागद वाचला, आणि बाहेरच्या कंपनीला फोन लावायला गेल्या.

आईचा फोन आला. मामाला मोकळं केल्याचं तिला मामीकडून कळलं होतं. ती आधी रडली, मग मॅडमना नावं ठेवली, मग म्हणाली, "आता तूच आहेस तिथे. त्याचं नाव काढ बाबा."

"काढलं," मी म्हणालो.

फोन ठेवला तेव्हा मामाचा मेसेज येऊन पडला होता. बसस्टॉपवर उभ्या उभ्या त्याने पाणीपुरवठ्याची साइट उघडून बघितली असणार.

"पडली का"

मी पुढच्या अक्षराची वाट बघत राहिलो. खाली सरकवून बघितलं, पडदा पुसून बघितला. टिंब नव्हतं. नाव अर्धवट राहिल्यासारखं ते वाक्य तिथेच उघडं पडलं होतं, त्यापुढे काय जोडायचं ते आता मी बघायचं होतं.

मी "हो" लिहिलं. त्यापुढे टिंब द्यावं की नाही, हे मला बस येऊन गेली असेल तोपर्यंत ठरवता आलं नाही.